पगाराची वाट सोडणारे राजवाडे

बाजारहाटासाठी किंवा कोर्टकचेरीच्या कामानिमित्त धुळे शहरी आपणांपैकी पुष्कळांचे जाणे होते. त्या शहरात राजवाडे संशोधन मंडळ ह्या नावाची एक संस्था आहे. ज्यांच्या नावाने ती उभी राहिली ते गृहस्थ जन्माने खानदेशचे नव्हते. त्यांचे येथे शेत नव्हते, वाडा नव्हता आणि मुलेबाळेही नव्हती. ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते धुळ्यास वारले, तेव्हा मागे राहिली ती जुन्या कागदांची दप्तरे आणि शब्दांच्या टिपणांचे ढीग. असे असता शहराने त्यांचे नाव आपलेसे का करून घेतले, हे समजण्यासाठी त्यांच्या तरुणपणाकडे वळले पाहिजे.

विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांचा जन्म १८६३ साली तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे हल्लीच्या रायगड जिल्ह्यातील वरसई गावी झाला. वडील लहानपणीच वारले. नातेवाइकांच्या आश्रयाने व पैशाच्या ओढगस्तीत शिक्षण झाले. मध्ये खंडही पडला. शाळेत जे शिकवीत त्याच्यावर त्यांचे मन बसत नसे. नेमलेली पुस्तके बाजूस ठेवून आपल्या मनाची पुस्तके वाचीत बसावयाचे, अशी त्यांची रीत होती, आणि त्यामुळे परीक्षांना उशीर झाला. अखेरीस १८९०-९१ च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून ते बी. ए. झाले.

त्या काळी बी. ए. ही दोन अक्षरे म्हणजे काय होते, ह्याची आज कल्पना येणे कठीण आहे. साऱ्या तालुक्यात असा मनुष्य एखादाच असावयाचा. सरकारी कचेरीत त्याला जागा होती, मामलेदारीची आशा होती. कायद्याची परीक्षा दिली तर वकिलीत पैसा होता. गरिबीत वाढलेला मुलगा ह्या पायरीवर येऊन पोहोचला, म्हणजे घरची माणसे काय म्हणत असतील ते आपल्या वाचकांस सांगावयास नको. ज्या घरात पहिलाच मुलगा शिकून वर आला आहे, त्या घरात हे बोलणे रोज चालते, आणि त्यात लोभच असतो असे नाही. कर्ज फिटावे, धाकट्यांची शिक्षणे व्हावीत, पावसाळ्यात घर गळू नये, एवढेच पुष्कळदा त्यात असते.

राजवाडे यांनी काही काळ शिक्षकाची नोकरी केली व ती सोडून दिली. सरकारी चाकरी तर त्यांस मुळीच करावयाची नव्हती. १८९४ साली त्यांनी ‘भाषांतर’ नावाचे मासिक काढले. जगातील थोर ग्रंथ मराठीत आणावेत, हा त्याचा हेतू. ग्रीक तत्त्ववेत्ता प्लेटो याच्या ‘रिपब्लिक’ ह्या ग्रंथाचे भाषांतर त्यांनी स्वतः केले. मासिक फार वर्षे चालले नाही. असल्या मासिकास वर्गणीदार कितीसे मिळणार? तरुणपणीच पत्नी वारली. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. येथून पुढे त्यांच्या निवडीचा भार उचलण्यास घरात दुसरे कोणी उरले नाही. ही गोष्ट त्यांचा कित्ता गिरवू इच्छिणाऱ्याने विसरू नये. पदरी चार लेकरे असलेल्या मनुष्याची निवड वेगळी असते.

ज्या कामाने त्यांचे नाव झाले त्याचा आरंभ वाई येथे झाला. पानिपतच्या १७६१ च्या लढाईच्या काळातील अस्सल पत्रे त्यांच्या दृष्टीस पडली. मराठ्यांचा इतिहास म्हणून तोपर्यंत लोकांपुढे मुख्यतः ग्रँट डफ ह्या ब्रिटिश अधिकाऱ्याचा १८२६ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ व जुन्या बखरी होत्या. बखर ही पुष्कळदा घडल्यानंतर वर्षांनी लिहिलेली असते. पत्र हे त्याच दिवशीचे. स्वारीवरचा मनुष्य दाण्याचा भाव काय झाला, घोड्यांना वैरण मिळते की नाही, पैसा कधी पोहोचेल, हे घरी किंवा धन्यास लिहीत असतो. इतिहास असल्या कागदांवरून लिहावा, असे राजवाडे यांनी धरले. १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ याचा पहिला खंड निघाला. पुढे असे बावीस खंड झाले.

बावीस खंड हे शब्द लिहावयास सोपे आहेत. कागद कोठे होते ते पाहा. जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर, कणग्यांच्या आड, देवघराच्या कोनाड्यात बांधलेले रुमाल असत. काहींस वाळवी लागली होती, काही पावसाने भिजून एकमेकांस चिकटले होते. काही घरांतून ते रद्दीच्या भावाने वाण्याच्या दुकानी जात आणि हळदमिरचीच्या पुड्या होऊन गावभर पसरत. घरधनी दप्तर दाखविण्यास भीत. ह्या कागदांवरून वतनाचा किंवा भाऊबंदकीचा एखादा तंटा उपस्थित होईल, अशी शंका त्याच्या मनात येई. अशा दारी राजवाडे पुन्हा पुन्हा जात. कोसच्या कोस पायी हिंडावे, मिळेल तेथे उतरावे, स्वतःच्या हाताने अन्न शिजवावे, आणि दप्तर मिळाले की त्याच्यापाशी बसून नकला कराव्यात, असा त्यांचा क्रम वर्षानुवर्षे चालला.

नक्कल झाली म्हणजे काम झाले असेही नाही. पत्रे मोडी लिपीत. त्यांत चंद्राची तिथी, म्हणजे मुसलमानी महिन्याचा दिवस दिलेला असे. वर्ष बहुधा नसेच. तेव्हा पत्रात कोणाचे नाव आले आहे, कोणती स्वारी चालू आहे, वार कोणता, हे ताडून पत्राचे साल ठरवावे लागे. एका कागदासाठी असे दिवस जात. ह्या श्रमाचा मोबदला त्यांस कोणी देत नव्हते. खंड खपत थोडे, छपाईचा खर्च मोठा; तो मित्रांच्या व चाहत्यांच्या साहाय्याने कसाबसा निघे. इंग्रजीत लिहिते तर दूरदेशीच्या विद्वानांत लवकर मान मिळता. परंतु त्यांनी मराठीतच लिहावयाचे ठरविले होते.

येथे त्यांच्या बंधूंचीही गोष्ट सांगितली पाहिजे, नाही तर चित्र एकांगी होईल. वैजनाथ काशीनाथ राजवाडे हे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात प्राध्यापक होते. ते नियमाने शिकवीत होते, आणि तरीही यास्काच्या निरुक्तावर त्यांनी जे काम केले ते विद्वान आजही मानतात. एकाच घरातील दोघे भाऊ. एकाने नोकरी सांभाळून विद्या केली, दुसऱ्याने विद्येसाठी नोकरी टाकली. तेव्हा पगार घेणारा मनुष्य आपल्या आवडीस मुकतोच, असे म्हणण्यास आधार नाही. इतकेच म्हणता येईल की विश्वनाथरावांचे काम घंटेच्या ठोक्यावर शाळेत परत येणाऱ्याच्या हातून झाले नसते. महिनाभर एखाद्या गावी घरधन्याच्या मर्जीची वाट पाहत बसण्यास रजा कोण देणार?

७ जुलै १९१० रोजी खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्या साहाय्याने त्यांनी पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. परंतु कोणत्याही संस्थेत फार दिवस रमावे असा त्यांचा पिंड नव्हता. स्वभाव तापट, जीभ तिखट. मतभेद झाले की ते उठून चालू लागत. पुण्याच्या मंडळाशीही अखेर त्यांचे बिनसले. त्यांची सर्वच मते पटण्याजोगी आहेत असेही नाही. जातींविषयी त्यांनी जे सिद्धांत मांडले त्यांतील पुष्कळ पुढील अभ्यासकांनी सोडून दिले, आणि आम्हांसही ते मान्य नाहीत. मनुष्य एकटा राहिला, कोणाचे ऐकावयाचे त्यास कारण उरले नाही, म्हणजे असे होते की काय, हा विचार मनात येतो. स्वातंत्र्यासाठी त्यांनी पगार सोडला. त्याबरोबर सोबतही सुटत गेली.

उतारवयातही काम थांबले नाही. शहाजीराजांच्या दरबारातील जयराम पिंड्ये ह्या कवीचे ‘राधामाधवविलासचंपू’ हे काव्य १९२२ साली, व उत्तर कोकणच्या इतिहासाची ‘महिकावतीची बखर’ १९२४ साली, त्यांनी विस्तृत प्रस्तावनांसह प्रसिद्ध केली. धुळ्यास जुन्या ग्रंथांची कदर करणारी मंडळी आधीपासून होती. शंकर श्रीकृष्ण देव यांनी सत्कार्योत्तेजक सभेच्या द्वारे रामदासी वाङ्मयाचा शोध येथूनच चालविला होता. अशा ठिकाणी राजवाडे अखेरीस येऊन विसावले. शेवटच्या काळात मराठी शब्दांनी त्यांस झपाटले होते. आपण शेतात, चुलीपाशी, बाजारात जे शब्द सहज बोलतो, ते कोठून आले व कसे झिजत झिजत ह्या रूपास पोहोचले, हे ते एकेक करून टिपून ठेवीत. मोल्सवर्थसाहेबांच्या कोशात शब्दाचा अर्थ सापडतो. राजवाडे यांस त्याची वंशावळ हवी होती. हे काम त्यांच्या डोळ्यांदेखत छापून झाले नाही.

ते गेल्यावर धुळ्याच्या लोकांस त्या ढिगाऱ्याचे काय करावे हा प्रश्न पडला असता तर नवल नव्हते. वारस नाही, पैसा नाही, आणि कागद तर रद्दीवाल्यासही नेता येण्याजोगे. परंतु तेथील भास्कर वामन भट वकील व इतर स्नेही मंडळी पुढे झाली आणि १९२७ साली त्यांनी राजवाडे यांच्या नावाने मंडळ स्थापिले. दप्तरे लावण्यात आली, टिपणे निवडण्यात आली. कृष्णाजी पांडुरंग कुलकर्णी यांनी ती संपादिली. धातुकोश १९३७ साली छापून निघाला व नामादिशब्दांचा व्युत्पत्तिकोश १९४२ साली. राजवाडे यांस जाऊन तेव्हा सोळा वर्षे होत आली होती.