ताऱ्याची नाडी पाहणारा गुडरिक

बालपणापासून बहिरा असलेला जॉन गुडरिक इंग्लंडमधील यॉर्क शहरातून नुसत्या डोळ्यांनी रूपविकारी ताऱ्यांचा मागोवा घेई. शेजारचे तारे मापाला धरावयाचे आणि रात्रीमागून रात्री नोंदी ठेवावयाच्या. अल्गोल एखाद्या काळ्या सोबत्यामुळे मंदावत असावा, हा त्याचा तर्क पुढे खरा ठरला; त्या निरीक्षणांसाठी १७८३ साली त्याला कोप्ली पदक मिळाले. १७८४ साली मात्र वृषपर्वा मंडलातील डेल्टा ताऱ्याने वेगळेच कोडे घातले. आवर्तन सुमारे ५ दिवस ९ तासांचे. उजळणे झपाट्याचे, मंदावणे संथ. कारण पुरते उमगले नसतानाही गुडरिकने काल नेमका टिपला, आणि आमच्या मते त्याचे मोठेपण येथेच आहे. असे तारे फुगतात आणि आक्रसतात, हे शॅपलीने १९१४ मध्ये मांडले. रॉयल सोसायटीने गुडरिकला सदस्यत्व दिले ते एप्रिल १७८६ मध्ये. त्यानंतर चारच दिवसांनी तो वारला. वय अवघे २१.