विश्लेषण : बॉम्बच्या पुस्तिकेपासून ‘सुपरमाइंड’पर्यंत… सेनापती बापटांपुढे कोणते अवघड इंग्रजी शब्द होते?

पारनेर म्हटले की सेनापती बापट आठवतात आणि बापट म्हटले की मुळशीचा सत्याग्रह. याच माणसाने अत्यंत अवघड अशा एका इंग्रजी ग्रंथाचे मराठी भाषांतर केले, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म पारनेरचा, १२ नोव्हेंबर १८८० रोजीचा. डेक्कन कॉलेजात शिकून ते शिष्यवृत्तीवर एडिंबरोला अभियांत्रिकी शिकायला गेले. ब्रिटिश राजवटीविरुद्ध बोलल्याने शिष्यवृत्ती गेली. मग पॅरिसमध्ये हेमचंद्र दास यांच्यासोबत त्यांनी बॉम्बविद्या मिळवली. रशियन पुस्तिका इंग्रजीत उतरली, तिच्या प्रती भारतात आल्या. १९०८ मध्ये कोलकात्याच्या माणिकतळा बागेत एक प्रत पोलिसांना सापडली. अलीपूर खटला उभा राहिला, बापट भूमिगत झाले. याच खटल्यात अरविंद घोष वर्षभर तुरुंगात होते. १९०९ मध्ये ते निर्दोष सुटले.

पुढे त्याच अरविंदांचा ‘द लाइफ डिव्हाइन’ बापटांनी ‘दिव्य जीवन’ म्हणून मराठीत आणला.

यात अवघड काय? पुस्तिकेतले शब्द रसायनांचे. चुकले तर हात उडेल, पण अर्थ एकच. अरविंदांचे तसे नाही. बालपणापासून इंग्लंडमध्ये शिकलेल्या अरविंदांनी जुन्या इंग्रजी शब्दांत नवा अर्थ भरला. ‘इन्व्हॉल्यूशन’ घ्या. गणितात तो घातक्रियेचा शब्द, वैद्यकात अवयव आकसण्याचा. अरविंदांकडे मात्र चैतन्य जडात उतरून लपते, ती क्रिया, उत्क्रांती त्यानंतरची. ‘इनकॉन्शियन्ट’ म्हणजे बेशुद्ध नव्हे, तर जडाच्या तळाशी असलेली अचेतन अवस्था. ‘ओव्हरमाइंड’ मनाच्या वरचा, तरीही ‘सुपरमाइंड’च्या खालचा!

गंमत अशी, की ‘सुपरमाइंड’साठी उपनिषदांत जवळचा शब्द आहे ‘विज्ञान’. पण तो वापरला, तर मराठी वाचकाला प्रयोगशाळाच आठवणार. म्हणजे शब्द आपलाच, तरी अडवणारा. मराठीत आता ‘अतिमानस’ रूढ आहे.

बापटांना अशा कामाचा सराव होता. ‘मराठा’त त्यांनी लेखन केले, डॉ. केतकरांच्या ज्ञानकोशाच्या कार्यालयातही काम केले. मग १९२१ मध्ये मुळशी आले, टाटांच्या धरणाविरुद्धचा लढा आला आणि रेल्वे रोखल्याबद्दल सात वर्षांची शिक्षा. ‘सेनापती’ ही पदवी तिथली. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी त्यांचे निधन झाले.