दाम, द्रम्म आणि भास्कराचार्य

वाशीम, कारंजा किंवा रिसोडच्या सराफी पेढीवर आजही सोन्याचा भाव तोळ्याने विचारला जातो. सराफ काट्यावर दहा ग्रॅम तोलतो आणि गिऱ्हाईक त्यालाच तोळा समजते. इंग्रजी अमलात १८३३ साली निश्चित झालेला तोळा मात्र १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा होता. नाव टिकले, वजन उतरले. वजनमापांच्या इतिहासात हे अनेकदा घडले आहे. आपण रोज उच्चारतो तो 'दाम' हा शब्द त्याचा बोलका दाखला होय. दाम आला संस्कृत 'द्रम्म' वरून आणि द्रम्म आला ग्रीकांच्या 'द्राख्मा' वरून. बाराव्या शतकातील थोर गणिती भास्कराचार्य यांच्या 'लीलावती'च्या आरंभीच हा परदेशी पाहुणा पुरता देशी होऊन बसलेला दिसतो.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ चा. सह्याद्रीच्या परिसरातील विज्जडविड हे आपले गाव असल्याचे त्यांनी नमूद केले आहे. हे गाव नेमके कोणते, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' पूर्ण केला. 'लीलावती' हा त्यातील अंकगणिताचा भाग मानला जातो. लीलावती नावाच्या कन्येचा विवाहमुहूर्त हुकल्याची कथा घरोघरी ठाऊक आहे. पण ती फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतरातून पसरली.

'लीलावती' उघडताच प्रथम भेटतात ती कोष्टके. २० कवड्यांची एक काकिणी, ४ काकिणींचा एक पण, १६ पणांचा एक द्रम्म आणि १६ द्रम्मांचा एक निष्क. वजनासाठी दोन यवांची एक गुंज, ५ गुंजांचा मासा, १६ माशांचा कर्ष आणि ४ कर्षांचे एक पल. पुढे एका कंजूष धनिकाचे उदाहरण येते. त्याने याचकाला द्रम्माच्या अर्ध्याचे दोन तृतीयांश, त्याचे तीन चतुर्थांश, त्याचा पाचवा हिस्सा, त्याचा सोळावा आणि अखेर त्याचाही चौथा हिस्सा दिला. गुणाकार केला की उत्तर येते द्रम्माचा १२८० वा भाग. कोष्टकाप्रमाणे द्रम्माच्या कवड्याही १२८० च भरतात. म्हणजे एवढा हिशेब करून याचकाच्या हाती पडली एक कवडी! रुक्ष कोष्टकाचे असे चीज करणारा गणिती विरळाच.

ग्रीकांचा द्राख्मा येथवर आला तो नाण्यांच्या मार्गाने. अथेन्सचा द्राख्मा सुमारे ४.३ ग्रॅमचा, इंग्रजी मापात ६६ ते ६७ ग्रेनचा. शंभर द्राख्मांचा एक मिना, तो पौंडाहून किंचित हलका. साठ मिनांचा एक टॅलेंट, सुमारे ५७ पौंडांचा. एजिना बेटाचा द्राख्मा मात्र सहा ग्रॅमहून जड होता, त्यामुळे गावाचे नाव न सांगता केलेले रूपांतर फसवे ठरते. वायव्य भारतातील ग्रीक राजांनी नाणी हलकी केली आणि पश्चिम क्षत्रपांनी तीच घडण पुढे चालवली. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये सापडलेल्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांवर नहपानाचे नाव ग्रीक लिपीतही आहे. त्या नाण्यांचे वजन अथेन्सच्या द्राख्म्याच्या जवळपास निम्मेच.

भास्कराचार्यांची वजने इंग्रजी मापात आणायची तर सगळी भिस्त गुंजेवर. ते गुणोत्तरे देतात, पण गुंजेचे बी किती जड हे सांगत नाहीत; सांगणार तरी कसे? प्रत्येक बी वेगळे. १८० ग्रेनच्या तोळ्यात ९६ गुंजा धरल्या तर एक गुंज १.८७५ ग्रेनची, कर्ष १५० ग्रेनचा आणि पल ६०० ग्रेनचे होते. 'लीलावती'त केशराचे एक उदाहरण आहे. अडीच पल केशर निष्काच्या तीन सप्तमांशाला मिळते, तर नऊ निष्कांत किती? उत्तर साडेबावन्न पल. त्याचे ३१,५०० ग्रेन होतात आणि ७००० ग्रेनच्या पौंडाने भागले की बरोबर साडेचार पौंड! अर्थात हा नेटकेपणा एकोणिसाव्या शतकातील तोळ्याचा आहे. बाराव्या शतकातील व्यापाऱ्याच्या तराजूत पडलेले केशर याहून कमी वा अधिक असू शकेल. १८१६ मध्ये मुंबईत जॉन टेलरने आणि पुढच्याच वर्षी कोलब्रूकने 'लीलावती' इंग्रजीत आणली. त्याआधी कोलब्रूकने भारतीय वजनमापांवर स्वतंत्र निबंधच लिहिला होता.

वाशीमकर भास्कराचे नाव आपल्या गावाशी जोडतात, त्यात थोडी गफलत होते. प्राचीन ज्योतिषाची मध्यरेषा लंका, उज्जयिनी आणि कुरुक्षेत्रावरून जाते असे आपले भास्कराचार्य सांगतात. याच रेषेवरील गावांत वत्सगुल्म, म्हणजे वाकाटकांची राजधानी असलेले आजचे वाशीम, गणले आहे ते मात्र सातव्या शतकातील पहिल्या भास्कराने, 'महाभास्करीया'त. आधुनिक नकाशात वाशीम उज्जैनच्या एक अंशाहून अधिक पूर्वेला आहे. मापनाचा आरंभबिंदू ठरवणे रेखांशातही गुंजेइतकेच अवघड होते, एवढे यातून कळते.

वयाच्या ६९ व्या वर्षी, ११८३ मध्ये, भास्कराचार्यांनी 'करणकुतूहल' रचले. पुत्र लक्ष्मीधर यादव राजा जैत्रपालाच्या पदरी होते, तर नातू चांगदेव सिंघण राजाचे ज्योतिषी. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून चांगदेवांनी चाळीसगावजवळच्या पाटण येथे मठ स्थापला. १२०७ मधील तो शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. लेखाच्या अखेरच्या मराठी भागात मठाला मिळालेल्या उत्पन्नांची नोंद आहे आणि त्यात दामाच्या विसाव्या हिश्श्याचाही उल्लेख आढळतो.