न झालेल्या सामन्याचा नायक : अकिबा रुबिनस्टाइन

बुद्धिबळाच्या जगज्जेत्यांच्या यादीत अकिबा रुबिनस्टाइन हे नाव सापडत नाही. तरीही १९१२ साली जगातील सर्वांत बलाढ्य बुद्धिबळपटू कोण, असे विचारले असते, तर अनेक जाणकारांनी विद्यमान जगज्जेते इमॅन्युएल लास्कर यांच्याऐवजी या अबोल पोलिश खेळाडूकडे बोट दाखवले असते.

रुबिनस्टाइन यांचा जन्म १८८० साली स्ताविस्की या छोट्या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. पोलंडचा तो भाग तेव्हा रशियन साम्राज्यात होता. वडिलांचे छत्र लवकर हरपले. मुलाने धर्मशास्त्राचे अध्ययन करून धर्मगुरू व्हावे, अशी घरच्यांची इच्छा होती. बुद्धिबळाचा पट त्यांच्यासमोर आला तो किशोरवयात, म्हणजे या खेळाच्या मानाने बऱ्याच उशिरा. पण एकदा ओढ लागल्यावर धर्मग्रंथ मागे पडले. बुद्धिबळाचे मोठे केंद्र असलेल्या लॉड्झ या गिरणगावात ते येऊन राहिले.

१९०७ साली कार्ल्सबाडची स्पर्धा जिंकून त्यांनी युरोपचे लक्ष वेधले. त्याच वर्षी लॉड्झमध्ये रोटलेवीविरुद्ध काळ्या मोहऱ्यांनी खेळताना वजिराचे बलिदान देऊन त्यांनी जिंकलेला डाव आजही बुद्धिबळातील सर्वांत सुंदर डावांमध्ये गणला जातो. १९०९ साली सेंट पीटर्सबर्ग येथे त्यांनी लास्कर यांच्यासह पहिला क्रमांक विभागून घेतला. शिवाय दोघांमधील डावात लास्कर यांना हरवले. १९११ साली सान सेबास्तियन येथील स्पर्धा कापाब्लांका यांनी जिंकली, पण त्यांनाही रुबिनस्टाइन यांच्याकडून पराभव पत्करावा लागला. १९१२ हे वर्ष तर त्यांचेच होते. सान सेबास्तियन, पिश्त्यान, ब्रेस्लाऊ, वॉर्सा आणि विल्ना अशा लागोपाठ पाच स्पर्धांत ते अव्वल ठरले. त्यांपैकी ब्रेस्लाऊचे यश तेवढे विभागून होते.

त्या काळी जगज्जेतेपदाचा सामना ठरवणारी जागतिक संघटना नव्हती. आव्हानवीराने पैसा उभा करायचा आणि जगज्जेत्याने अटी घालायच्या, अशी रीत होती. बऱ्याच खटपटीनंतर लास्कर आणि रुबिनस्टाइन यांचा सामना १९१४ च्या शरद ऋतूत खेळवण्याचे ठरले. त्या वर्षीच्या सेंट पीटर्सबर्ग स्पर्धेत मात्र रुबिनस्टाइन यांना अंतिम फेरीही गाठता आली नाही. पाठोपाठ पहिले महायुद्ध पेटले, पोलंडची रणभूमी झाली आणि तो सामना कायमचा राहून गेला.

युद्धानंतर १९२२ साली अलेखिनसारख्या प्रतिस्पर्ध्याला मागे टाकून त्यांनी व्हिएन्नाची स्पर्धा जिंकली. पण नवे जगज्जेते कापाब्लांका यांना आव्हान द्यायचे तर दहा हजार डॉलर उभारावे लागत. ती रक्कम या संकोची माणसाच्या आवाक्याबाहेरची होती. मानसिक आजारही बळावत चालला होता. माणसांची भीती वाटू लागली होती. चाल करून ते पटापासून दूर एखाद्या कोपऱ्यात जाऊन थांबत, असे सांगितले जाते.

अशा अवस्थेतही १९३० साली हॅम्बुर्ग येथील ऑलिंपियाडमध्ये पोलंडच्या पहिल्या पटावर त्यांनी १७ पैकी १३ डाव जिंकले, चार बरोबरीत सोडवले आणि देशाला सुवर्णपदक मिळवून दिले. मात्र दोनच वर्षांत त्यांनी स्पर्धात्मक बुद्धिबळ सोडले. नाझींच्या अमलाखालील बेल्जियममध्ये ते जिवंत राहिले, हेच नवल. सुवर्णविजेत्या संघातील त्यांचे सहकारी दाविद प्शेपियुर्का यांची नाझींनी १९४० साली हत्या केली. १९५० मध्ये जागतिक संघटनेने प्रथमच अधिकृत ग्रँडमास्टर किताब दिले, तेव्हा त्या पहिल्या यादीत रुबिनस्टाइन यांचे नाव होते. १९६१ साली अँटवर्प येथे त्यांचे निधन झाले.

फ्रेंच आणि निम्झो-इंडियन बचावातील त्यांच्या नावाच्या पद्धती आजही खेळल्या जातात. मोजकी मोहरी उरल्यावर हत्तींचा डाव कसा खेळावा, हे शिकण्यासाठी आजही त्यांचेच डाव अभ्यासले जातात. २०१२ साली विश्वनाथन आनंद यांच्याशी जगज्जेतेपदासाठी झुंजलेले बोरिस गेल्फंड हेही रुबिनस्टाइन यांनाच आपला आदर्श मानतात. जगज्जेतेपदाचा सामना त्यांच्या वाट्याला आला नाही. पण जगज्जेतेपदासाठी झुंजणाऱ्यांनीही त्यांच्याकडून धडे घेतले.