रेकॉर्डिंगचं बटण काढून टाकणारा माणूस

सकाळी तुळजापूरहून धाराशिवला येणाऱ्या एसटीत एक नजर टाका. कॉलेजच्या पोरापोरींच्या कानात काही ना काही असतंच. कुणाची वायर, कुणाचे बड्स, कुणाचा एकच कान चालू. तुम्हीही त्यातलेच असाल, आणि जुनी जोडी बंद पडली की हजारभर रुपयांत काय बसतं, हे बघत मोबाइलच्या दुकानासमोर उभे राहत असाल. तर, चालता-फिरता गाणी ऐकणं विद्यार्थ्यांना परवडावं म्हणून हट्टाला पेटलेल्या माणसाची ही गोष्ट. अकिओ मोरिता, सोनीच्या दोन संस्थापकांपैकी एक.

जन्म २६ जानेवारी १९२१, जपानमधल्या नागोयाचा. घरात साके, म्हणजे तांदळाची दारू बनवण्याचा पिढीजात धंदा आणि अकिओ थोरला मुलगा. म्हणजे करिअर जन्माआधीच फिक्स! पण घरी इलेक्ट्रिक फोनोग्राफ आला आणि सगळं बिघडलं. जुन्या यंत्रावर खरखरणारी रेकॉर्ड नव्यावर एकदम मोकळी वाजायची. असं का होतं, हे शोधण्यात पोरगा इतका अडकला की शाळेतले मार्क घसरले. पुढे ओसाकाला फिजिक्स शिकला, मग युद्धकाळात नौदल. तिथेच जवळपास तेरा वर्षांनी मोठे असलेले इंजिनिअर मासारू इबुका भेटले. ७ मे १९४६ला दोघांनी टोकियोत कंपनी काढली. माणसं वीसेक, भांडवल १ लाख ९० हजार येन. वडिलांनी थोरल्या मुलाला घरच्या धंद्यातून मोकळं केलं, वर पैशांचीही मदत केली. घरी अजून ‘शेती कोण बघणार’ हा विषय निघतो ना, त्यांना या वडिलांचं मोठेपण वेगळं सांगायला नको.

१९५०मध्ये त्यांचा पहिला टेपरेकॉर्डर आला. वजन तीस किलोच्या वर, किंमत १ लाख ६० हजार येन. लोक कौतुकाने बघायचे आणि निघून जायचे. चांगलं यंत्र बनवणं वेगळं आणि ते कुणाला तरी हवंसं वाटून परवडणं वेगळं, हे मोरितांना तेव्हा कळलं. नंतरचे ट्रान्झिस्टर रेडिओ मात्र चालले. १९५७चा ‘खिशातला’ रेडिओ खरं तर शर्टाच्या खिशात मावत नव्हता, म्हणून त्यांनी सेल्समनसाठी मोठ्या खिशाचे शर्ट शिवून घेतले!

आता १९७९. इबुकांना लांबच्या विमानप्रवासात ऐकायला काहीतरी हलकं हवं होतं. कंपनीचा ‘प्रेसमन’ नावाचा छोटा रेकॉर्डर होता, आमच्या पत्रकारांच्या कामाचा. इंजिनिअरांनी त्यातलं रेकॉर्डिंग काढलं, स्पीकर काढला, स्टिरिओ आवाज बसवला. रेकॉर्ड न करणारा टेपरेकॉर्डर कोण घेणार, अशी शंका कंपनीतच होती. मोरिता अडून बसले. गिऱ्हाईक म्हणजे विद्यार्थी, तेव्हा उन्हाळी सुट्टीच्या आत बाजारात आणायचं आणि किंमत त्यांच्या आवाक्यात ठेवायची. शेवटी ३३ हजार येन ठरली. स्वस्त नव्हतीच, पण पैसे साठवून घेता येईल अशी होती. तेव्हाचे हेडफोन ३०० ते ४०० ग्रॅमचे असायचे. याच्यासोबतचा साधारण ५० ग्रॅमचा होता. १ जुलैला वॉकमन आला. पहिल्या महिन्यात जेमतेम ३ हजार विकले गेले. मग कंपनीची पोरं तो कानाला लावून टोकियोच्या रस्त्यांवरून, लोकलमधून फिरली, भेटेल त्याला ऐकवत सुटली. ऑगस्ट संपेपर्यंत पहिले ३० हजार संपले.

तुमच्या हजार रुपयांनाही हाच हिशोब लावा. काय काढून टाकलं तर चालेल? वायर चालत असेल तर वायरवालाच घ्या. वायरलेसमध्ये त्याच पैशात बॅटरी, चिप, चार्जिंगची डबी सगळं बसवायचं असतं, आणि बॅटरी दमली की बहुतेक वेळा अख्खी जोडी फेकावी लागते. आधी फोनला ३.५ एमएमचा जॅक आहे का बघा. नसेल तर टाइप-सीवाला. खोक्यावर ड्रायव्हर किती एमएमचा लिहिलाय, यावर भाळू नका, मोठा आकडा म्हणजे चांगला आवाज असं काही नसतं. या बजेटमधल्या नॉइज कॅन्सलेशनवरही फार विसंबू नका. सोबतच्या रबरी टिपा बदलून बघा. कानात घट्ट बसली की एसटीचा बराच गोंगाट बाहेर राहतो, बास भरतो आणि आवाज कमी ठेवून भागतं. ऑनलाइन लेक्चरला बोलावं लागत असेल तर माइक मात्र सोडू नका. आणि बिल घ्या, वॉरंटी त्यावरच मिळते.

मोरितांना १९९३मध्ये टेनिस खेळताना स्ट्रोक आला. पुढच्या वर्षी त्यांनी अध्यक्षपद सोडलं आणि ३ ऑक्टोबर १९९९ला, वयाच्या ७८व्या वर्षी ते गेले. पहिल्या वॉकमनची एक गंमत राहिलीच. नमुना घरी नेऊन ते ऐकत बसले, तर बायको वैतागली, कारण एकटाच माणूस ऐकणार! म्हणून त्याला हेडफोनचे दोन जॅक दिले गेले. शिवाय एक नारिंगी बटण होतं. ते दाबलं की गाणं हळू व्हायचं आणि दोघांना हेडफोन न काढता एकमेकांशी बोलता यायचं. आपण एसटीत एक बड शेजारच्याला देतो, आणि बोलायचं झालं की दोघेही काढून हातात धरतो.