इमादशाहीचा मूळ पुरुष

वऱ्हाडचा इतिहास म्हटला की आपण रुक्मिणीच्या कौंडिण्यपुरापासून निघतो आणि एकदम नागपूरकर भोसल्यांपाशी येऊन थांबतो. मधल्या इमादशाहीचे नाव परीक्षेपुरते पाठ करतो. १४९० ते १५७४ अशी चौऱ्याऐंशी वर्षे या घराण्याने आपल्या अचलपुरातून राज्य केले. त्याचा मूळ पुरुष फतेउल्ला इमादउल्मुल्क.

हा वऱ्हाडचा नव्हेच. विजयनगरच्या मुलखातले, कानडी हिंदू घरातले हे पोर बहामनी फौजेने लढाईत धरून आणले. ते मुसलमान झाले आणि वऱ्हाडचा सुभेदार खानजहान याच्या पदरी वाढले. पुढे महमूद गवानाने त्याची कर्तबगारी हेरली. गवानाने वऱ्हाडचे गाविल आणि माहूर असे दोन भाग केले, त्यांतला गाविल फतेउल्लाकडे आला. १४८१ मध्ये बादशहाने त्याच गवानाचा शिरच्छेद करविला. तेव्हापासून फतेउल्ला बिदरच्या दरबारापासून दूर दूरच राहिला.

फेरिस्त्याने त्याची हकीकत लिहिली आहे. पण आईबापांनी ठेवलेले त्याचे नाव, त्यांचे गाव, काहीच सापडत नाही. कॉलेजच्या अर्जात वडिलांच्या शिक्षणाचा रकाना मी कोरा सोडला होता, तेव्हा उगीच खजील झालो होतो. या राजाचा तर सगळाच रकाना कोरा!

अकोट तालुक्यातल्या नरनाळ्यावर त्याच्या अमदानीतला, १४८७ चा महाकाली दरवाजा आहे. त्यावरच्या लेखात बहामनी बादशहाची वंशावळ कोरली आहे. फतेउल्लाचे नाव येते ते नुसते चाकर म्हणून. दुसऱ्या वर्षी त्याने चिखलदऱ्याजवळचा गाविलगड दुरुस्त केला. तिथल्या दिल्ली दरवाजावर दोन तोंडांचा गंडभेरुंड पक्षी हत्तींना पकडून बसलेला दिसतो. गंडभेरुंड हे विजयनगरकडचे चिन्ह. लहानपणी पाहिलेले तेवढेच त्याच्या लक्षात राहिले असेल काय? पुरावा नाही, मला आपले तसे वाटते.

१४९० मध्ये तो स्वतंत्र झाला आणि १५०४ च्या सुमारास वारला. गादीवर मुलगा अल्लाउद्दीन आला. अहमदनगरच्या निजामशाहीचा पूर्वजही असाच धरून आणलेला हिंदू मुलगा होता. पण त्या घराण्याला आपले गाव ठाऊक होते. ते गाव म्हणजे पाथरी, आणि ती होती वऱ्हाडच्या ताब्यात. पूर्वजांचे गाव आम्हाला द्या, बदल्यात दुसरा मुलूख घ्या, अशी त्यांची मागणी. अल्लाउद्दीनने नकार दिला आणि १५१८ मध्ये पाथरी गमावली. पुढे दोन्ही राज्यांत सोयरीक झाली, अल्लाउद्दीनचा मुलगा दर्या याची लेक निजामशहाला दिली, तरी ते वैर काही मिटले नाही.

दर्याच्या मागे गादीवर आला बुऱ्हाण, अगदी लहान मूल. तुफालखान नावाच्या सरदाराने सत्ता बळकावून त्याला नरनाळ्यावर कोंडले. पणजोबाच्या महाकाली दरवाजाआड पणतू कैदी झाला! त्याला सोडवतो या निमित्ताने मुर्तजा निजामशहा चालून आला, त्याने किल्ला घेतला, वऱ्हाड घेतले, आणि बुऱ्हाणला सोडले नाहीच. तुफालखान आणि तो, दोघांनाही त्याने कैदेत टाकले. दोघेही तिथेच मेले.