साडेअकरा पौंड आणि दहा वर्षांचा करार

डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काय येते? निळा कोट, गोल चष्मा आणि हातात संविधान. शाळेत १४ एप्रिलच्या निमित्ताने भाषणे व्हायची, तेव्हापासून आपण हेच चित्र पाहत आलो. पण मित्रमैत्रिणींनो, हॉस्टेलवर राहणाऱ्या आणि दरवर्षी स्कॉलरशिपचा फॉर्म भरणाऱ्या आपल्यासारख्यांना जवळचे वाटावेत असे आणखी एक बाबासाहेब आहेत. ते म्हणजे शिष्यवृत्तीवर शिकणारे, पैसे कधी संपतील याचा हिशोब डोक्यात ठेवून अभ्यास करणारे विद्यार्थी भीमराव. या लेखात त्यांची हीच ओळख करून घेऊया.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातले आंबडवे. साताऱ्याच्या शाळेत या मुलाला बसायला घरून गोणपाट न्यावे लागायचे आणि नळाला हात लावायची परवानगी नव्हती. शिपायाने पाणी दिले तर प्यायचे, नाहीतर तहानलेले राहायचे. हे सगळे आपण पुस्तकात वाचलेले असते, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही.

पुढे हे कुटुंब मुंबईला आले. आपल्या मीरा रोड-भाईंदरहून चर्चगेटकडे जाताना दादरनंतर जे प्रभादेवी स्टेशन लागते (२०१८ पर्यंत त्याचे नाव एल्फिन्स्टन रोड होते), त्याच्या आसपासचा हा गिरणगावचा परिसर. परळच्या चाळीतली एकच खोली. तिच्यातच स्वयंपाक, तिच्यातच झोपणे आणि तिच्यातच अभ्यास. वडिलांनी यावर एक उपाय काढला. मुलाला लवकर झोपवायचे, स्वतः रात्री दोनपर्यंत जागे राहायचे आणि मग त्याला उठवून त्याच्या जागेवर आपण झोपायचे. दिव्याच्या उजेडात पहाटेपर्यंत अभ्यास चालायचा. हॉस्टेलमध्ये रूममेट लाइट बंद करू देत नाही म्हणून आपण भांडतो, तेव्हा ही खोली आठवायला हरकत नाही!

१९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले. त्या काळी त्यांच्या समाजातल्या मुलाने मॅट्रिक होणे ही इतकी मोठी गोष्ट होती की त्यासाठी सत्काराची सभा झाली. त्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजी होते. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा हा मुलगा त्यांच्या आधीच नजरेत भरला होता. त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. पण गुरुजींचे खरे मोठे काम पुढचे आहे. एल्फिन्स्टन कॉलेजमध्ये इंटरपर्यंत शिकून झाल्यावर वडिलांकडचे पैसे संपले. तेव्हा केळुसकर गुरुजी या मुलाला बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे घेऊन गेले. महाराजांनी मुलाला काही प्रश्न विचारले, उत्तरे आवडली आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर केली. काळा घोड्याजवळ, जहांगीर आर्ट गॅलरीच्या समोर एल्फिन्स्टनची इमारत आहे. त्या २५ रुपयांमुळे भीमराव १९१२ मध्ये तिथून बी.ए. झाले.

त्यानंतर १९१३ च्या जानेवारीत ते बडोदा संस्थानच्या नोकरीत गेले. काही दिवसांतच वडील आजारी असल्याची तार आली. परत येताना वाटेत सुरतला ते वडिलांसाठी मिठाई घ्यायला उतरले आणि गाडी सुटली. मुंबईला पोचले तेव्हा वडील शेवटच्या घटका मोजत होते. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजी सुभेदार गेले. मुलाच्या अभ्यासासाठी अर्ध्या रात्रीपर्यंत जागणाऱ्या या बापाला त्याचे पुढचे काहीच पाहायला मिळाले नाही.

त्याच वर्षी सयाजीरावांनी काही विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणासाठी अमेरिकेला पाठवायचे ठरवले. भीमरावांची निवड झाली. न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ, तीन वर्षे, दरमहा साडेअकरा पौंड. मात्र ४ जून १९१३ रोजी त्यांना एका करारावर सही करावी लागली. ठरलेल्या विषयांचाच अभ्यास करायचा आणि शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करायची, असा तो करार होता. आजच्या भाषेत बॉण्ड! या सहीचे पुढे काय झाले ते लक्षात ठेवण्यासारखे आहे.

जुलैमध्ये भीमराव न्यूयॉर्कला पोचले. सुरुवातीला हार्टले हॉल नावाच्या हॉस्टेलमध्ये राहिले, पण तिथले मेसचे जेवण मानवले नाही. पुढे ते लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये राहायला गेले. तिथे नवल भथेना हा पारशी मित्र मिळाला, तो जन्मभराचा. पहिले काही महिने त्यांनीही नव्या स्वातंत्र्याची मजा घेतली. तिथे कोणी जात विचारत नव्हते, एकाच टेबलावर सगळे जेवत होते. पण मग विचार सुरू झाला. घरचे लोक मुंबईत कसेबसे दिवस काढताहेत, महाराज पैसे पाठवताहेत आणि आपल्याला मोजून तीन वर्षे मिळाली आहेत. तेव्हापासून दिवसाला अठरा अठरा तास अभ्यास सुरू झाला. साडेअकरा पौंडातले काही घरी रमाबाईंना जायचे. उरलेल्यातून जेवणात काटकसर करून जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून दोन हजारांच्या आसपास पुस्तके जमा केली. १९१५ मध्ये एम.ए. झाले. ९ मे १९१६ रोजी त्यांनी डॉ. गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये भारतातील जातींवर निबंध वाचला, तेव्हा ते अवघे पंचवीस वर्षांचे होते. पीएच.डी.चा प्रबंधही तयार झाला.

इतक्यावर त्यांचे समाधान होणार नव्हते. १९१६ मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले, शिवाय बॅरिस्टर होण्यासाठी ग्रेज इनमध्येही नाव घातले. यासाठी शिष्यवृत्तीची मुदत वाढवून मागितली. एक वर्ष मिळाले, पुढचे मिळाले नाही. संस्थानच्या दिवाणांनी परत बोलावले. १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट सोडून निघावे लागले. चार वर्षांच्या आत परत येऊन तो पूर्ण करता येईल, एवढी सवलत मात्र विद्यापीठाने दिली. पहिले महायुद्ध चालू होते. त्यांचे सामान ज्या बोटीवर होते ती बोट शत्रूने बुडवली आणि बरीच पुस्तके समुद्रात गेली. ते स्वतः दुसऱ्या बोटीवर होते म्हणून वाचले.

करार होता, म्हणून ते बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. कोलंबियाचे एम.ए., लंडनला शिकून आलेला हा माणूस. पण ऑफिसातले शिपाई त्यांच्या टेबलावर फायली लांबून फेकायचे. ऑफिसात प्यायला पाणी मिळायचे नाही. शहरात राहायला एकही घर मिळेना. शेवटी पारशी नाव सांगून ते एका पारशी उताऱ्यावर राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक आले आणि त्याच दिवशी जागा सोडायला सांगून गेले. हिंदू मित्राने आणि ख्रिश्चन मित्रानेही घरी ठेवून घ्यायचे टाळले. एका बागेत झाडाखाली बसून त्यांनी रात्रीच्या गाडीची वाट पाहिली आणि मुंबईला परतले. दहा वर्षांच्या नोकरीचा करार काही दिवसांतच मोडला. पण तो मोडला कोणी? ज्याने सही केली त्याने, की ज्या शहराने त्याला राहायला एक खोली दिली नाही त्याने? शिष्यवृत्तीने त्यांना न्यूयॉर्क-लंडनपर्यंत नेले, पण बडोद्यातले एक दार तिला उघडता आले नाही. मला वाटते, शिष्यवृत्तीची ताकद आणि तिची मर्यादा दोन्ही इथे दिसतात.

अर्धवट राहिलेले शिक्षण मात्र त्यांनी सोडले नाही. नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. ४५० रुपये पगारातून शक्य तेवढे बाजूला ठेवले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली, भथेनाने पाच हजार रुपये उसने दिले आणि जुलै १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. या वेळी कोणाची शिष्यवृत्ती नव्हती, म्हणून खर्च फारच जपून. सकाळपासून ब्रिटिश म्युझियमच्या लायब्ररीत आणि पोटात नावापुरते काहीतरी. १९२१ मध्ये एम.एस्सी. मिळाली. रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध परीक्षकांनी दुरुस्तीसाठी परत पाठवला. तोपर्यंत पैसे संपले होते, म्हणून भारतात येऊन त्यांनी तो पुन्हा लिहिला. १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळाली. प्रोजेक्ट रिपोर्ट परत आला की आपला मूड जातो. त्यांचा तर डॉक्टरेटचा प्रबंध परत आला होता!

आता त्या कराराचे काय झाले? बडोदा सरकारने शिष्यवृत्तीची रक्कम परत मागितली आणि त्यावर पत्रव्यवहार चालला. दुसरा कोणी असता तर मनात कडवटपणा धरला असता. पण १९२५ मध्ये ब्रिटिश भारतातल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा त्यांचा कोलंबियाचा प्रबंध पुस्तकरूपाने आला, तेव्हा तो त्यांनी सयाजीराव महाराजांना अर्पण केला. संस्थानच्या कारभारात आलेला अनुभव वेगळा आणि महाराजांनी शिक्षणाला दिलेला हात वेगळा, हा फरक त्यांनी ठेवला. या पुस्तकानंतर १९२७ मध्ये कोलंबियाने त्यांना पीएच.डी. दिली.

आणि परतफेड? ती त्यांनी केली, पण वेगळ्या पत्त्यावर. ४ जानेवारी १९२५ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापूरला विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. म्हणजे चळवळीच्या सुरुवातीच्या कामांमध्ये एक हॉस्टेल होते, हे आपण हॉस्टेलवाल्यांनी अभिमानाने सांगावे. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ मध्ये मुंबईचे सिद्धार्थ कॉलेज, १९५० मध्ये औरंगाबादचे (आताचे छत्रपती संभाजीनगर) कॉलेज, जे पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले.

आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट १९४२ ची आहे. तेव्हा ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. ऑक्टोबरमध्ये त्यांनी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना एक निवेदन दिले. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी त्यांनी वर्षाला तीन लाख रुपये मागितले : दोन लाख देशात विज्ञान आणि तंत्रशिक्षण घेणाऱ्यांसाठी, एक लाख त्याच विषयांसाठी परदेशी जाणाऱ्यांसाठी. स्वतः अर्थशास्त्र आणि कायदा शिकलेला माणूस मुलांसाठी सायन्स आणि टेक्नॉलॉजी मागत होता. कारण सरळ होते. हे शिक्षण महाग, गरिबाच्या आवाक्याबाहेरचे, आणि पुढचा काळ त्याचाच होता. सरकारने तीन लाख मान्य केले. १९४४ पासून मॅट्रिकनंतरच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती सुरू झाली, काही मुले परदेशीही गेली. आज महाडीबीटीच्या पोर्टलवर आपल्यापैकी कितीतरी जण पोस्ट मॅट्रिक स्कॉलरशिपचा फॉर्म भरतात. सर्व्हर स्लो आहे म्हणून वैतागतात, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी रांगेत उभे राहतात. त्या योजनेची सुरुवात इथपर्यंत जाते.

१९५२ मध्ये कोलंबिया विद्यापीठाने आपल्या या जुन्या विद्यार्थ्याला सन्माननीय डॉक्टरेट दिली. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले.

मित्रांनो, स्कॉलरशिप मिळाली की आपण पार्टी देतो, घरी फोन करतो, नोटीस बोर्डावरच्या लिस्टचा फोटो काढतो. आनंद व्हायलाच हवा. पण ती यादी म्हणजे नुसते मार्कांचे बक्षीस नसते. कोणीतरी आपल्यावर भरवसा ठेवून आपल्याला थोडा वेळ विकत घेऊन दिलेला असतो. बाबासाहेबांनी मिळालेल्या वेळातला तास न् तास वापरला, आणि नंतर ज्यांच्याकडे तो वेळ नव्हता त्यांच्यासाठी तो सरकारकडून मागून आणला. आपण नोकरीला लागू, पहिला पगार हातात येईल, तेव्हा आपल्या मागून येणाऱ्या एखाद्या ज्युनिअरची परीक्षा फी किंवा मेसचे बिल भरणे आपल्याला नक्कीच जमेल. त्यासाठी कोणत्याही करारावर सही करायची गरज नाही.